फुप्फुसाचा कॅन्सर, चालू उपचार आणि व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुप्फुसाच्या कॅन्सरवर उपचार घेणारे पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं फिजिओथेरपीच्या खोलीत पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं बहुतेकांना लागू पडतील अशी आहेत. पण आजार कुठवर पसरला आहे, कुठलं औषध चालू आहे, हृदयाची आणि मूत्रपिंडाची स्थिती काय आहे, हे तुमच्या फाईलमध्ये असतं. म्हणून सुरुवात करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना ‘मी चालायला आणि हलका व्यायाम करायला लागू का?’ असं सरळ विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ असंच येतं.

एवढा मोठा आजार, त्यात किमो. अशा वेळी आराम करायचा की व्यायाम?

आराम हवाच, पण दिवसभर पडून राहणं म्हणजे आराम नव्हे. घरात कॅन्सरचं निदान झालं की सगळे मायेने एकच सांगतात, ‘तू काही करू नकोस, पडून राहा.’ पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देतात. या मायेतूनच पायांची ताकद जाते. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, निरोगी ज्येष्ठ माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं स्नायूंचं वजन जवळपास १ किलोने घटलं. ती माणसं निरोगी होती. भूक मेलेली, किमो चालू आणि आतून आजार पोखरतोय अशा माणसाचं काय होत असेल, याचा अंदाज करा.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. किमो द्यायची की नाही, दिली तर पूर्ण डोस द्यायचा की कमी, हे ठरवताना डॉक्टर फक्त सीटी स्कॅन पाहत नाहीत. पेशंट दिवसातला किती वेळ अंथरुणाबाहेर असतो, हेही पाहतात. त्याला ‘परफॉर्मन्स स्टेटस’ म्हणतात आणि त्याला ० ते ४ असे आकडे देतात. ० म्हणजे पूर्वीसारखीच सगळी कामं करणारा. १ म्हणजे जड काम जमत नाही, पण हलकं जमतं. २ म्हणजे नोकरी-धंदा जमत नाही, पण स्वतःचं सगळं स्वतः करतो आणि जागेपणीचा निम्म्याहून जास्त वेळ उठून-बसून असतो. ३ म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ खाटेवर किंवा खुर्चीत. ४ म्हणजे पूर्ण खाटेवर. आकडा ३ किंवा ४ झाला की नेहमीची किमो बऱ्याचदा पेलवणार नाही असं मानलं जातं. आजारामुळे आकडा वाढला तर आपल्या हातात फार नसतं. पण नुसतं पडून राहिल्यामुळे वाढला, तर मिळू शकणारा उपचारही हातचा जाऊ शकतो. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

दोन खोल्या ओलांडल्या तरी धाप लागते. धाप लागल्याने फुप्फुसाला इजा होते का?

नाही. चालताना लागलेली आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत ओसरणारी धाप इजा करत नाही. पण ती फार भीतीदायक असते. माणूस घाबरून हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की पायांचे स्नायू लुळे पडतात. लुळ्या स्नायूंना थोड्या कामालाही जास्त प्राणवायू लागतो, त्यांच्यात आम्ल लवकर साचतं आणि शरीर श्वासाचा वेग वाढवून ते भरून काढू पाहतं. म्हणजे महिन्याभरात तेवढ्याच अंतराला आधीपेक्षा जास्त धाप लागते, फुप्फुस आहे तसंच असलं तरी. या साखळीतली जी कडी आपण सुधारू शकतो, ती पायांची. म्हणून श्वासाच्या तक्रारीवर आम्ही मांड्यांचा व्यायाम देतो. ऐकणाऱ्याला ते आधी विचित्र वाटतं.

किती धाप चालेल याचं सोपं माप म्हणजे बोलणं. चालताना एक पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत दम लागला तर वेग योग्य आहे. शब्दाशब्दाला थांबावं लागलं तर वेग कमी करा. दवाखान्यात ० ते १० ची बोर्ग मोजपट्टी वापरतात. ० म्हणजे अजिबात धाप नाही, १० म्हणजे सहनशक्तीपलीकडे. ३ ते ४ च्या आसपास राहायचं.

बसल्या जागी लागणारी धाप किंवा काल नव्हती आणि आज अचानक लागली अशी धाप वेगळी. ती व्यायामाने घालवायची नसते, डॉक्टरांना दाखवायची असते.

‘पल्मनरी रिहॅबिलिटेशन’ म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा ते वेगळं आहे का?

श्वासाचा त्रास असलेल्या माणसासाठी आखलेला हा एक पूर्ण कार्यक्रम असतो. साधारण ६ ते १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा. त्यात चालणं किंवा सायकल, हातापायांच्या ताकदीचे व्यायाम, श्वासाची तंत्रं, कफ काढण्याची पद्धत, आहार, तंबाखू सोडायला मदत आणि मनावरचा ताण, असं सगळं येतं. मुळात तो सीओपीडीच्या, म्हणजे जुनाट दम्यासारखा त्रास असणाऱ्या पेशंटसाठी तयार झाला. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना, चुलीच्या धुरात वर्षानुवर्षं स्वयंपाक केलेल्या बायकांना आणि पूर्वी टीबी होऊन गेलेल्यांना कॅन्सरच्या जोडीला फुप्फुसाचे जुने आजारही अनेकदा असतात. त्यांना याचा दुहेरी फायदा होतो.

सुरुवातीला सहा मिनिटांची चालण्याची चाचणी घेतात. ३० मीटरच्या सपाट व्हरांड्यात तुमच्या वेगाने ये-जा करायची आणि सहा मिनिटांत किती मीटर झाले ते मोजायचं. मध्ये थांबलात, खुर्चीत बसलात तरी चालतं. बोटाला ऑक्सिमीटर असतो. या आकड्यावरून तुमचा व्यायाम ठरतो आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजला की फरक कळतो. तीस-चाळीस मीटरची वाढ कागदावर क्षुल्लक दिसते. घरी तिचा अर्थ संडासापर्यंत न थांबता जाता येणं असा असतो.

ऑपरेशनला तीनच आठवडे आहेत. एवढ्यात व्यायामाने काय होणार?

पुष्कळ होतं. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये व्यायामाचा सगळ्यात पक्का पुरावा याच टप्प्याचा आहे. कॉक्रेन संस्थेने २०२२ साली अशा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. ऑपरेशनआधी व्यायाम केलेल्यांमध्ये नंतरच्या श्वसनाच्या गुंतागुंती, म्हणजे न्यूमोनिया, फुप्फुसाचा भाग मिटणं वगैरे, जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्को’ या संघटनेनेही २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये फुप्फुसाच्या ऑपरेशनआधी व्यायाम सुचवला आहे.

या तीन आठवड्यांत रोज चालायचं. एका दमात जमत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा, बोर्गवर ४ पर्यंत धाप लागेल असं. एक दिवसाआड खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायची, आठ-दहा वेळा, मध्ये विश्रांती घेऊन दोन-तीन फेऱ्या. शिवाय भिंतीला हात टेकून ढकलायचं आणि टाचा उचलायच्या. ऑपरेशननंतर करायचे श्वासाचे व्यायाम आणि खोकण्याची पद्धत आत्ताच शिकून घ्या. टाके दुखत असताना नवीन काही शिकणं अवघड जातं.

तंबाखू सोडण्यासाठी ‘आता काय उपयोग’ असं म्हणू नका. उपयोग आहे, जखम भरण्यातही आणि कफ कमी होण्यातही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाईनचा नंबर १८००-११-२३५६ आहे, फोन फुकट आहे.

मात्र व्यायामासाठी ऑपरेशनची तारीख स्वतःहून पुढे ढकलायची नाही. आपल्याकडे फुप्फुसाच्या कॅन्सरचे बरेच पेशंट आधी टीबी समजून काही महिने त्याच गोळ्या खात राहिलेले असतात. त्यांचा वेळ आधीच गेलेला असतो.

ऑपरेशन झालं, छातीत नळी आणि बाटली आहे. तरीही उठायचं?

डॉक्टर नको म्हणाले नसतील तर हो, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच खुर्चीत बसवतात आणि थोडं चालवतातही. बाटली छातीच्या पातळीच्या खाली धरायची, आडवी होऊ द्यायची नाही, नळीला पीळ पडू द्यायचा नाही आणि स्वतःहून चिमटा लावायचा नाही. एवढं सांभाळलं की बाटली हातात घेऊन वॉर्डात फेरी मारता येते.

खोकण्याची सगळ्यांना भीती वाटते. उशी किंवा घडी केलेला टॉवेल टाक्यांवर घट्ट दाबून धरा, मग खोका. टाके तुटत नाहीत. जोरात खोकण्याऐवजी तोंड उघडून ‘हाऽऽ’ असा लांब, जोरकस उच्छ्वास टाकलात, आरशावर वाफ धरावी तसा, तर कफ वर सरकतो आणि दुखतंही कमी. वेदनाशामक गोळी सहन करत टाळू नका. ती घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम केला तर श्वास खोल जातो.

ऑपरेशननंतर श्वासाच्या व्यायामासाठी प्लास्टिकच्या तीन रंगीत गोळ्यांचं एक यंत्र (स्पायरोमीटर) बहुतेकांना मिळतं आणि बरेच जण त्यात फुंकर मारतात. ते फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. नळी ओठांत धरून सावकाश श्वास आत घ्या, गोळी वर गेली की दोन-तीन सेकंद धरून ठेवा आणि मग नळी सोडून श्वास बाहेर टाका. तिन्ही गोळ्या एकदम वर उडवण्याची शर्यत लावू नका. एक गोळी सावकाश वर ठेवणं जास्त उपयोगाचं. जागे असताना दर तासाला दहा वेळा.

त्या बाजूचा हात मात्र विसरू नका. दुखतं म्हणून हात पोटाशी धरून ठेवला की खांदा आखडतो आणि मग महिन्याभराने केस विंचरणं, ब्लाऊज घालणं, फळीवरचा डबा काढणं जमत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतच हात भिंतीवर बोटांनी हळूहळू वर चढवायला सुरुवात करा. भरलेली कळशी, सिलिंडर, नातवंड उचलणं आणि स्कूटर चालवणं साधारण सहा आठवडे नको. सर्जनने जास्त मुदत सांगितली असेल तर तीच पाळा.

किमो चालू असताना रोज सारखाच व्यायाम करायचा का?

नाही, आणि इथेच लोक निराश होऊन सोडून देतात. तीन आठवड्यांच्या चक्रात अंगातली ताकद सारखी नसते. किमोबरोबर दिलेल्या स्टेरॉइडमुळे पहिले एक-दोन दिवस बरं वाटतं. ते थांबलं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अंग गळून जातं, मळमळतं. साधारण ७ व्या ते १४ व्या दिवसांत रक्तातल्या पेशी सगळ्यात कमी असतात. तिसरा आठवडा बहुतेकांचा सगळ्यात चांगला.

म्हणून व्यायामही तसाच आखायचा. गळून गेलेल्या दिवसांत फक्त जेवणानंतर घरातल्या घरात पाच मिनिटं फिरा, खाटेवर पावलं वर-खाली करा, दोन-चारदा उठ-बस करा. ही हजेरी महत्त्वाची, ती चुकवू नका. मधल्या आठवड्यात घराबाहेर चाला, पण गर्दी टाळा आणि मास्क लावा. तिसऱ्या आठवड्यात वेळ आणि वेग वाढवा. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीत कॅन्सरच्या पेशंटसाठी आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. हे गाठायचं लक्ष्य आहे, पहिल्या दिवसाची अट नाही. पाच मिनिटांपासून सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवलं तरी चालतं.

पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिनसारख्या औषधांनी तळपायांना मुंग्या येतात, कापसावर चालल्यासारखं वाटतं. अशा वेळी सैल स्लिपर घालून फिरू नका, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला, अंधारात आणि ओल्या बाथरूममध्ये जपा, आणि रोज रात्री तळपाय पाहा, कारण काचलेलं कळत नाही. तोल जात असेल तर एका जागी बसून चालवायची सायकल बरी. हाताच्या शिरेतून लांब नळी घातलेली असेल तर त्या हाताने वजन उचलणं टाळा. छातीत त्वचेखाली पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी बसवलेली छोटी डबी, असेल तर जखम भरल्यावर साधारणपणे अडचण येत नाही.

रक्ताचा रिपोर्ट किती खाली आला की थांबायचं?

वेगवेगळ्या रुग्णालयांचे आकडे थोडे वेगळे असतात, पण साधारण असं धरतात. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली गेल्या तर वजनं, रबर बँड ताणणं, जोर काढणं बंद आणि चालणं चालू. २० हजारांच्या खाली फक्त बसल्या-झोपल्या हलकी हालचाल, तीही डॉक्टरांना विचारून. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर दम लवकर लागतो आणि चक्कर येऊ शकते, तेव्हा हळू आणि सोबत कुणीतरी हवं. पांढऱ्या पेशी कमी असतील तर व्यायामाला हरकत नाही, पण जिम, लग्नाची गर्दी, सार्वजनिक पोहण्याचा तलाव नको.

किमोच्या काळात १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला तर मात्र व्यायामाचा विचारच नाही. क्रोसिन घेऊन सकाळची वाट पाहायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

रेडिएशन चालू आहे. रोजचं जाणं-येणंच व्यायाम नाही का?

जाणं-येणं दमवतं, पण ताकद वाढवत नाही. रेडिएशनचा थकवा आठवड्यागणिक साचत जातो, शेवटच्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो. झोपून तो जात नाही. थोडं चालल्याने उतरतो, आणि पेशंटचा सुरुवातीला यावर विश्वास बसत नाही. अन्ननलिका भाजल्यासारखी झाली असेल तर पेज, दही, मऊ खिचडी, अंड्याचा बलक असं काही पोटात गेल्याशिवाय व्यायाम करू नका.

उपचार संपल्यावर बेफिकीर राहू नका. शेवटच्या रेडिएशननंतर १ ते ६ महिन्यांत कोरडा खोकला, ताप, वाढती धाप सुरू झाली तर ती फुप्फुसाची रेडिएशनमुळे आलेली सूज असू शकते. वेळेत स्टेरॉइड दिलं की बहुतेक वेळा ती आटोक्यात येते. ‘व्यायाम जास्त झाला असेल’ म्हणून अंगावर काढू नका.

इम्युनोथेरपी किंवा रोजची गोळी चालू असेल तर?

इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारातही, फुप्फुसाला सूज येऊ शकते, तशीच ओसिमर्टिनिबसारख्या गोळ्यांनीही. क्वचित हृदयाच्या स्नायूंना सूज येते. म्हणून नवा खोकला, छातीत दुखणं, धडधड, पायांवर सूज अशी लक्षणं दिसली की थांबून डॉक्टरांना सांगा. थायरॉइड मंदावला तर कितीही व्यायाम केला तरी थकवा हटत नाही. तपासणी झालेली नसेल तर विचारा. बाकी, गोळीवर असलेले पेशंट बऱ्याचदा सगळ्यात चांगला व्यायाम करू शकतात.

हाडांत पसरलाय. हाड मोडेल ना?

ही भीती रास्त आहे. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, कुठल्या हाडात आहे आणि ते हाड वजन पेलेल का? मांडीच्या हाडात किंवा खुब्यात मोठी जखम असेल तर चालण्याआधी हाडांच्या डॉक्टरांचं मत हवं, कदाचित काठी किंवा वॉकर. मणक्यात असेल तर पुढे वाकून वजन उचलणं, कंबरेतून पीळ देणं, जमिनीवर बसून झाडणं-पुसणं नको. पण सगळंच बंद, असं नाही. ज्या भागात आजार नाही तो भाग चालवायचा. खुर्चीत बसून पाय सरळ करणं, पावलं हलवणं, हातांचे हलके व्यायाम बहुतेकांना चालतात.

झोपल्यावर वाढणारी पाठदुखी, पायांत अचानक आलेला लुळेपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं यांतलं काहीही झालं तर तासाचाही उशीर नको. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर काही तासांवर पुढचं चालणं अवलंबून असतं. मेंदूत पसरला असेल तर एकट्याने फिरणं आणि ट्रेडमिल टाळा.

चौथी स्टेज आहे. आता कशाला त्रास द्यायचा?

हे वाक्य बहुधा घरचे बोलतात, पेशंट नव्हे. पेशंटला स्वतः आंघोळ करायची असते, अंगणात जाऊन बसायचं असतं, कुणाच्या आधाराशिवाय संडासला जायचं असतं. चौथ्या स्टेजमधला व्यायाम यासाठी.

पुराव्याबद्दल खरं तेच सांगायला हवं. ऑपरेशन न होऊ शकणाऱ्या, पुढच्या टप्प्यातल्या फुप्फुसाच्या कॅन्सरवर डेन्मार्कमध्ये १२ आठवड्यांच्या व्यायामाची चाचणी झाली. दम टिकण्याची क्षमता त्यांना अपेक्षेइतकी वाढलेली दिसली नाही. पण स्नायूंची ताकद वाढली, काळजी आणि उदासी कमी झाली. माझ्या मते हे कमी नाही. या टप्प्यात लक्ष्य छोटं आणि पेशंटचं स्वतःचं असावं. ‘रोज २० मिनिटं’ यापेक्षा ‘संध्याकाळी दारात बसायचं’ हे लक्ष्य जास्त टिकतं.

धाप लागलेली असताना चेहऱ्यावर, विशेषतः नाक आणि गालांवर, थंड वाऱ्याची झुळूक आली की श्वासाची घुसमट कमी वाटते. यावर अभ्यास झाले आहेत. हातात धरायचा बॅटरीचा छोटा पंखा पुरतो. तो नसेल तर घरच्याने हातपंख्याने वारा घातला तरी चालतो. वाकून, टेबलावर किंवा उशांवर हात टेकून बसा, खांदे सैल सोडा, नाकाने श्वास घ्या आणि ओठांचा चंबू करून त्याच्या दुप्पट वेळ सोडा. घाबरून ‘श्वास घे, श्वास घे’ म्हणू नका. श्वास सोडायला सांगा, घेणं आपोआप होतं.

छातीत पाणी झालं असेल आणि ते काढलं असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की चालणं पुन्हा सुरू करा. पाणी काढल्यावर श्वास हलका झालेला असतो, तेच दिवस ताकद कमवण्याचे.

व्यायामाने कॅन्सर बरा होतो किंवा परत येत नाही, असं व्हॉट्सॲपवर येतं. खरं का?

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरबद्दल २०२५ साली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ऑपरेशन आणि किमोनंतर तीन वर्षं शिस्तीत व्यायाम केलेल्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. फुप्फुसाच्या कॅन्सरबद्दल असा पुरावा आज नाही. व्यायाम उपचार पेलायची ताकद देतो, थकवा आणि धाप कमी करतो. उपचाराच्या जागी तो नाही, आणि तसं सांगणाऱ्याच्या नादी लागून किमो सोडू नका.

प्राणायाम चालेल? आम्ही रोज कपालभाती करतो.

अनुलोम-विलोम श्वास न रोखता, भ्रामरी, आणि पोटाने सावकाश श्वास हे बहुतेकांना चालतं. झोप आणि मन दोन्हीला बरं वाटतं. कपालभाती आणि भस्त्रिका मात्र उपचारांच्या काळात नको. पोटाच्या त्या झटक्यांचा ताण टाक्यांवर, आजार असलेल्या बरगड्यांवर आणि मेंदूत आजार असेल तर डोक्यातल्या दाबावर येतो. श्वास रोखून धरणारा कुंभकही नको. वर्षानुवर्षं करणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही, पण सध्या थांबायचं. आणि नुसता प्राणायाम पायांची ताकद वाढवत नाही, चालणं वेगळं हवंच.

तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही.

चढताना जिना पायरीपायरीने घ्या. उभे राहून श्वास घ्या, पायरी चढताना ओठांच्या चंबूतून श्वास सोडा. चार-पाच पायऱ्यांनी थांबा, दम अनावर होण्याची वाट पाहू नका. प्रत्येक मजल्यावर एक प्लास्टिकची खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगा, ते आनंदाने ठेवतात. एका हाताने कठडा धरा, दुसऱ्या हातात पिशवी नको.

घरी ऑक्सिजन चालू आहे. चालता येईल?

येतं, लांब नळी घेऊन घरात किंवा छोटा सिलिंडर घेऊन बाहेर. चालताना किती लिटर ठेवायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. जुना सीओपीडी असेल तर मनाने वाढवू नका. बोटावरचा आकडा ८८ च्या खाली गेला की थांबा, श्वास शांत करा. नखांना गडद नेलपॉलिश असेल किंवा हात गार असतील तर आकडा चुकीचा येतो. आणि देवघरातली समई, निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी यांच्यापासून ऑक्सिजनची नळी दूर हवी. ऑक्सिजनच्या जवळ आग फार झपाट्याने पेटते.

व्यायाम करून वजन आणखी उतरेल ना?

खाणं न वाढवता केला तर उतरेल. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. वरण-भाताने एवढं होत नाही. अंडी, दूध, दही, पनीर, मासे, चिकन, सोयाबीन, मोडाची कडधान्यं, शेंगदाण्याचा कूट जे रुचेल ते दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर सांगतील. ‘कॅन्सरला साखर-दूध वर्ज्य’ असं सांगून पेशंटला उपाशी ठेवणारे सल्ले स्नायूंचा घात करतात.

कुठे चालायचं? आम्ही उपचारांसाठी धर्मशाळेत राहतोय.

परळच्या टाटा रुग्णालयात गावाकडून आलेले कितीतरी पेशंट दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा भाड्याच्या छोट्या खोलीत महिनोन्‌महिने राहतात. तिथे सकाळी लवकर व्हरांड्यात फेऱ्या मारा, खोलीत जागेवर पावलं उचला, खाटेच्या कडेवरून उठ-बस करा. अर्धा लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या म्हणजे अर्ध्या-अर्ध्या किलोची वजनं. हिवाळ्यात मुंबईची हवा धुरकट असते, दिवाळीत फटाक्यांचा धूर असतो, शेजारी बांधकाम चालू असतं. त्या दिवशी आतच चाला.

घरकाम करते, तोच व्यायाम नाही का?

काही अंशी आहे. पण घरकामात थांबायचं कधी हे आपल्या हातात नसतं. त्यातून दमणूक होते, वाढ होत नाही. म्हणून कामं वाटून घ्या, कणीक बसून मळा, आणि वाचलेल्या ताकदीतून वीस मिनिटं चाला.

गावात फिजिओथेरपिस्ट नाही. काय करू?

कॅन्सर रुग्णालयातून सुट्टी मिळण्याआधी तिथल्या फिजिओथेरपिस्टला एकदा नक्की भेटा. ससून, केईएमसारख्या सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो. तुमच्यासाठीचे पाच व्यायाम करून दाखवायला सांगा आणि मोबाईलवर चित्रण करून घ्या. मग एका वहीत रोज तीन गोष्टी लिहा: किती मिनिटं चाललो, धाप ० ते १० मध्ये किती, आणि दिवसातला किती वेळ अंथरुणाबाहेर होतो. पुढच्या ओपीडीला फाईलबरोबर ही वही डॉक्टरांसमोर ठेवा. ‘कसं वाटतंय?’ या प्रश्नाला ‘बरं आहे’ एवढंच उत्तर देऊन उठू नका, ते तीन आकडे वाचून दाखवा.

वहीच्या पहिल्या पानावर हेही लिहून ठेवा. छातीत दुखणं, चक्कर, खोकल्यातून रक्त, एकाच पायाला आलेली सूज, ताप, अचानक वाढलेली धाप यांतलं काही झालं तर व्यायाम बंद आणि फोन लगेच. एका पायाची सूज म्हणजे शिरेतली गाठ असू शकते, ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणून तो पाय चोळायचा किंवा मालिश करायचा नाही. रुग्णालयाचा रात्री लागणारा नंबर त्याच पानावर मोठ्या अक्षरात हवा आणि घरातल्या सगळ्यांना तो कुठे आहे ते माहीत हवं.